एडिनबरा मुक्कामीं चिखलाची तिसरी भिंत उभी राहिली, तो मजकूर

समस्तांस विदित जाहलें पाहिजे जे, मौजे एडिनबरा, स्कॉट लोकांचे मुलखीं, चिरंजीव धम्मशीला, दुर्दम्य जिद्दीची, वाळवंटांतील मरूद्यानाच्या पुरातन मातीच्या शेतवाड्या उकरून पीएच.डी.ची डॉक्टरकी मिळवावी ऐसा मनसुबा धरून राहिली. तेथील शेताच्या भिंती सातशें वर्षें कैशा टिकल्या हें ताडावयास तिणें युनिव्हर्सिटीचे मागील अंगणांत हुबेहूब भिंत रचिली. मरूद्यानीं वर्षांत एक पाऊस. एडिनबऱ्यास दिवसांत चार. पहिली भिंत मंगळवारीं पडली आणि दुसरी गुरुवारीं, आणि मग विभागप्रमुख बाईंचें ईमेल-फर्मान आलें कीं तिसरी पंधरा दिवस न टिकेल तर मरूद्यानाची पुढील स्वारी मौकूफ.

ते समयीं तीर्थरूप कडूबा, जालना प्रांतींचे गवंडी, व्हिजिटर व्हिसावर कन्येचे भेटीस दाखल होते. त्यांणीं मिक्सरमधील चिखल बोटानें चाचपला आणि पुसिलें, "ही भिंत हाये का थालीपीठ?"

"बाबा, रिसर्च पेपरमधलं प्रमाण आहे ते. तुम्ही प्लीज आत बसा."

"मी जलमभर चिखल तुडवला, तुला त्याच्यातून काढायला शाळेत घातलं. अन् तू इमानात बसून आली ती चिखलच शिकायला!"

यावर धम्मशीलेनें मिक्सर बंद केला आणि मग तह ठरला. कीं चिखल भुसा घालून आठ रोज कुजवावा आणि अनवाणी तुडवावा आणि एक थर वाळल्याबिगर दुसरा चढवूं नये. आठवे दिवशीं दर्प ऐसा सुटला कीं शेजारील लायब्ररीनें खिडक्या लाविल्या. बापलेकींनीं गुडघाभर चिखलांत उतरून तुडविलें, आणि थर वाळेना तेव्हां हेअर-ड्रायरची तोफ डागिली.

मग तिसरी भिंत उभी राहिली आणि पंधरा दिवसांत तिजवर पर्जन्याचे एकेचाळीस हल्ले जाहले. तळहाताएवढा कोपरा ढासळून कामास आला. भिंत हटली नाहीं. बाईंनीं स्वारी मंजूर केली आणि फर्माविलें कीं या पद्धतीस आधार कोणाचा तें लिहावें.

धम्मशीलेनें संदर्भसूचींत दाखल केलें: खिल्लारे, कडूबा.

"आडनाव आधी?"

"इथं सगळ्यांचंच आधी लिहितात, बाबा."

गांवांत ज्यांस साठ वर्षें "ए कडूबा" याउपर हाक नव्हती, त्यांणीं चष्मा पुसिला आणि तेंच पान पुन्हां वाचिलें.

ऐसी फत्ते जाहली. भिंत कायम, नांव कायम; हें दफ्तरीं नमूद असे.