गिरजाबाईंनी सोडलेल्या चार ओळींची हकीकत

श्री. ज्या मातीने सर्वांस पोसले तीस दंडवत घालोन लिहितो, उणेअधिक क्षमा असावी. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आषाढमासी राज्यात ऐसे वर्तमान जाहले की, सुभेदारसाहेब उदार होऊन त्यांणी पिकावरी तण मारावयाचे औषध उडविणारे ड्रोन नामे यंत्र गिरजाबाईंस बक्षीस दिधले, आणि बाई शहरी जाऊन पंधरा दिवसांत विद्या हस्तगत करोन आल्या, आणि घटकेत रानेच्या राने फवारू लागल्या, मग लौकिक बहुत वाढला. परंतु हुकूम ऐसा की, यंत्र उडते समयी कोणी पन्नास पावलांच्या आत येऊ नये. बाई एकल्याच बांधावर उभ्या राहत, एकल्याच भाकर खात. पूर्वी दहा बायकांशी त्यांची सावड होती. आज हिचे रान, उद्या तिचे, सर्वांणी मिळोन खुरपावे, थट्टा करावी, झाडाखाली जेवावे. बाई पुन्हा सावडीत गेल्या, तो अनसाबाई, ज्यांशी वीस वर्षे शेजारच्या ओळीत खुरपले, त्या बोलिल्या, "तुझ्या रानात आता तणच उरलं न्हाई. तुझी सावड आमी फेडायची कशी? फुकट राबवली म्हनतील लोकं." बाई खुरपे घेऊन माघारी आल्या. सोबत तुटली याचे दुःख त्यांस फार जाहले. लिहिताना आम्हांसही होते, उगाच कशास लपवावे.

मग बाईंणी युक्ती केली. आपले सोयाबीनात चार ओळी मुद्दाम न फवारता सोडिल्या, आणि तण गुडघाभर वाढले, आणि सावडीस निरोप धाडिला की खुरपायला या, आणि सकाळी दहा जणींच्या भाकरी थापोन, भरीत करोन बांधावर वाट पाहत बसल्या.

दहाही जणी आल्या, परंतु खुरपे एकीच्याही हाती नाही. बाईंचे यंत्र बिघडले, आता चारचौघांत नाचक्की होणार, ऐसे तण पाहोन समजोन त्या दहाजणींणी सुभेदारांचे पाय धरिले होते आणि शेजारगावचे यंत्र मागोन आणिले होते. ते उडाले. दहाही जणी पन्नास पावले दूर उभ्या राहिल्या. चार ओळी पळभरात फवारून जाहल्या.

"झालं बग तुझं काम," अनसाबाई लांबोनच बोलिल्या. "आता घोर करू नगंस."

बाई बोलिल्या, "भाकरी केल्यात. खाऊन जावा."

"औषध उडालंय की गं. हितं कुठं जेवतीस?"

आणि त्या आपापल्या घरी गेल्या.

तात्पर्य, राज्यात तण उरले नाही, पीक उत्तम आले. गिरजाबाईंवरी लोकांची माया पाहोन सुभेदारसाहेब प्रसन्न जाहले आणि पुढील साली त्यांणी बाईंस थोरले यंत्र दिधले. त्यापासोन शंभर पावले दूर राहावे लागते.