एका बापाचे एकशे बेचाळीस

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता आडनावबंधू मंडळाच्या अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि मंडळाचे सर्व एकशे बेचाळीस पुरुष सभासद एका बापाचे असल्याचे जाहीर केले. टाळ्या बराच वेळ चालल्या.

माणूस कोण आहे यापेक्षा तो कुणाचा आहे, हा प्रश्न समाजाला नेहमीच अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. ते योग्यच आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर काहीतरी करून दाखवावे लागते. दुसऱ्यासाठी जन्माला येणे पुरते. मंडळ याच भक्कम पायावर उभे आहे. आडनाव एकच असणे एवढीच सभासदत्वाची पात्रता. (स्पेलिंगमधल्या फरकाला सूट आहे. एका ऱ्हस्व-दीर्घापायी दोन घरांना मात्र तीन वर्षे प्रतीक्षा यादीत काढावी लागली.) सर्वांचा मूळपुरुष एकच होता आणि तो घोड्यावरून आला, याबद्दल मंडळात दुमत नव्हते. त्याचे तैलचित्रही कार्यालयात आहे. चेहरा अध्यक्षांसारखा दिसतो, कारण चित्रकाराला समोर बसायला कुणीतरी हवे होते आणि अध्यक्षांचे टायरचे दुकान दुपारी बंद असते.

तरीही काळ विज्ञानाचा असल्याने पुरावा असलेला बरा, असे कार्यकारिणीने ठरवले. डीएनए चाचणी करायचे एकमताने मंजूर झाले. पद्धत सोपी होती. कापूस लावलेली काडी गालाच्या आतून फिरवायची, नळीत बंद करायची आणि नळी पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवायची. अट एकच : आधी अर्धा तास काही खायचे नाही. बापाकडून मुलाकडे उतरणारा अंश फक्त पुरुषांत सापडतो, त्यामुळे बायकांचे नमुने लागणार नव्हते. त्यांच्याकडे चहाची व्यवस्था सोपवण्यात आली.

नमुने गोळा करायचे काम चिटणिसांकडे आले. चिटणीस पाणीपुरवठा खात्यातून मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. दारोदार फिरायचा अनुभव त्यांच्याइतका मंडळात कुणालाच नव्हता. पहिल्याच संध्याकाळी ते चार घरी गेले. पहिल्या घरचे गृहस्थ नुकतेच जेवले होते. दुसऱ्याने फॅमिली डॉक्टरला विचारून सांगतो म्हटले. तिसरा अंघोळीला गेला होता आणि चिटणीस जिन्यावरून परत फिरेपर्यंत बाहेर आला नाही. चौथ्याने आधी अध्यक्षांचा नमुना दाखवा म्हटले.

तेव्हा चिटणिसांनी खात्याची रीत वापरली. दार बंद असेल तर मीटर न बघता सरासरी आकडा टाकायचा, हे त्यांनी तीस वर्षे केले होते आणि शहराला तीस वर्षे पाणी मिळाले होते. इथे तर काम आणखी सोपे होते. सगळे एकाच मूळपुरुषाचे असतील तर कोणताही एक पुरुष हीच सर्वांची सरासरी. सर्वांत जवळचा पुरुष त्यांनी निवडला. सलग तीन संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्या बघत त्यांनी एकशे बेचाळीस काड्या स्वतःच्याच गालातून फिरवल्या, नळ्यांवर सभासदांची नावे घातली आणि पाकिटे चिकटवली. दाढ दुखतेय का, एवढेच बायकोने विचारले.

प्रयोगशाळेचे उत्तर वेळेवर आले. सोबतच्या पत्रात लिहिले होते : "सर्व नमुने एकाच पुरुषापासून आलेले दिसतात. कृपया खात्री करावी." अध्यक्षांनी पहिले वाक्य दोनदा वाचले आणि त्यांचे डोळे भरून आले. दुसरे वाक्य त्यांनी पत्रलेखनाचा शिष्टाचार समजून सोडून दिले.

निकालाचे परिणाम चांगलेच झाले. कार्यालयाच्या दारात संगमरवरी पाटी बसली. एकसष्ट टक्के सभासदांना आरशात मूळपुरुषाची हनुवटी दिसू लागली. (उरलेल्यांना दाढी होती.) वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारे दोन चुलतभाऊ पुन्हा बोलू लागले आणि आठवड्याभरात पुन्हा अबोला धरला, पण आता तो शास्त्रीय पायावर होता.

अडचण एकाच घरात आली. विमा कंपनीत खोटे दावे हुडकून काढणारी एक मुलगी आणि चष्म्याच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली काम करणारा एक मुलगा यांचे लग्न ठरले होते. दोघांचे आडनाव एकच. मुलीचे वडील भूमितीचे शिक्षक. आडनाव एक असले तरी कूळ वेगळे आहे, हे सिद्ध झाले तर आपली हरकत नाही, असे ते पहिल्यापासून म्हणत होते. सिद्ध झाले ते उलटेच. शिक्षकांनी लग्नाला येणार नाही असे कळवले. (एकाच घरात राहत असल्याने त्यांनी हे जेवणाच्या टेबलावर कळवले.)

मुलीची समजूत काढायला आत्या आली.

"अगं, तो तुझा भाऊ निघाला. असं कसं करायचं?"

"आत्या, नमुना त्याचाही घेतलाय आणि त्याच्या वडिलांचाही. दोन्ही तंतोतंत सारखे. कागद बघितला तर तो स्वतःचाच बाप आहे."

आत्याने हे मनातल्या मनात दोनदा जुळवून पाहिले आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मुलीने अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचला होता. त्यात बापाकडून उतरणाऱ्या अंशाबरोबर आईकडून आलेले अंशही तपासलेले होते. बापलेकांत काही गोष्टी सारख्या निघतात. सगळ्याच सारख्या फक्त एकाच माणसाच्या निघतात. तिच्या कचेरीत एकाच हस्ताक्षरातले चाळीस दावे आले की चाळिसांकडे जात नाहीत, एकाकडे जातात. ती चिटणिसांकडे गेली. त्यांनी काहीही नाकारले नाही. गालाला आतून झालेला चट्टा अजून बरा व्हायचा होता.

"पोरी, दारं बंद होती गं," ते म्हणाले.

चिटणिसांनी त्याच दिवशी अध्यक्षांना सगळे सांगितले. पाटी बसून गेली होती, त्यामुळे अध्यक्षांपुढे दोनच मार्ग उरले : पाटी काढायची किंवा निकाल खरा करून दाखवायचा. त्यांनी दुसरा पत्करला आणि विशेष सभा बोलावली. काही तांत्रिक कारणामुळे नमुने नव्याने घ्यायचे असल्याचे त्यांनी सांगितले. आपल्या एकीला कशाचेच भय नाही, असेही सांगितले. मग आयुष्यात शेकडो भाषणांत वापरलेले वाक्य त्यांनी सवयीने उच्चारले : "जो एका बापाचा असेल, त्यानं पुढं यावं."

हे वाक्य आजवर टाळ्यांसाठी होते. या वेळी खाली टेबलावर पाकिटांचा खोका होता.

कुणीही पुढे आले नाही. सत्याला विरोध कुणाचाच नव्हता. तसा ठरावही हात वर करून संमत झाला. पण प्रत्येकाला त्या क्षणी काही ना काही आठवले. कुणाला घाऱ्या डोळ्यांचा काका, कुणाला आजोबांची लांबची नोकरी, कुणाला घरात कधीच न निघणारा एक विषय. चहाबरोबरच्या बिस्किटांना त्या दिवशी अभूतपूर्व मागणी आली. खाऊन अर्धा तास व्हायला आला की सभासद पुढचे बिस्कीट तोंडात टाकत. स्वतः अध्यक्षांनी सात खाल्ली.

मुलीने दोनच नमुने मागितले : तिच्या वडिलांचा आणि मुलाच्या वडिलांचा. तेवढ्यावर प्रश्न सुटत होता. चष्मेवाले म्हणाले, आधी शिक्षकांनी द्यावा. शिक्षक म्हणाले, वराकडच्यांचा मान पहिला.

हे सगळे पहिल्या रांगेतून चष्मेवाल्यांच्या आई ऐकत होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. त्या उठल्या आणि टेबलापाशी जाऊन एक पाकीट मागू लागल्या. चिटणिसांनी त्यांना आदराने समजावले की आजी, बायकांच्या नमुन्यातून बाप कळत नाही.

"मग ह्या काड्या कशाला घातल्या लोकांच्या तोंडात?" आजी म्हणाल्या. "मला विचारायचं होतं. मी सांगितलं असतं."

सभागृहातला चावण्याचा आवाज थांबला. आजींना कुणीही काही विचारले नाही. सर्वांत कमी विचारले त्यांच्या मुलाने. त्याने आईला हाताला धरून जागेवर बसवले आणि पाणी दिले. मुलगाच काडी घ्यायला तयार नाही, तेव्हा संशय नेमका कुणावर, हे समजायला काडीची गरज नव्हती. आजींना ते समजले होते. पाण्याचा पेला त्यांनी तसाच परत दिला. अध्यक्षांनी आभार मानून सभा संपवली.

घरी आल्यावर मुलीने वडिलांना सरळ विचारले, तुम्हाला कशाची भीती वाटते. शिक्षक म्हणाले, भीती कसली. एकट्याने पुढे व्हायचे म्हणजे लोकांना वाटणार, याला शंका आहे. त्यांनी भूमितीला शोभेल अशी अट घातली.

"बाहेरचे चार बाप्ये दे. कुठल्याही आडनावाचे. त्यांनी दिला, की पाचवा माझा. मग कागद काही म्हणो, मी लग्नाला येईन."

हे त्यांनी लिहून दिले आणि खाली सही केली.

मुलीने मंडळाकडून उरलेली पाकिटे मागून घेतली आणि मोठ्या खपाच्या दैनिकात सूचना दिली : चार पुरुष हवे आहेत, वडील एकच असल्याची खात्री असलेले. आडनावाची अट नाही. नाव गुप्त राहील. निकाल ज्याचा त्यालाच कळेल. एका मुलीचे वडील तिच्या लग्नाला येण्याचा प्रश्न आहे.

विवाह नोंदणी कार्यालयातली तारीख पुढच्या महिन्याची आहे. दोघे जाणार, हे नक्की आहे. शिक्षकांनी कोट धुवायला दिला आहे, पण तो आणलेला नाही.

सूचना छापून पाच आठवडे झाले. ती शेवटपर्यंत वाचून खूप हसू आल्याचे शेकडो पुरुषांनी कळवले आहे. पाकीट अद्याप एकानेही मागितलेले नाही.