पहिल्या लेखकाची संमती

लेखावर पहिलं नाव श्रीहरी सरांचं टाकायचं, ही धम्मदीपची जुनी सवय. लेख आपण लिहायचा, नाव मात्र गाईडचं आधी. गडचिरोलीच्या त्याच्या कॉलेजात सगळे हेच करत. आलापल्लीच्या सागावरल्या अळीचा लेखही त्यानं तसाच पाठवून दिला आणि मग जीभ चावली. अरे देवा, सर दिवाळीतच वारले होते!

आता नाव काढावं तर संपादक विचारणार, मेलेल्या माणसाचं घातलंच कसं? ठेवावं तर पहिल्या लेखकाची संमती हवी. आणि बढतीची मुलाखत सोमवारी. समितीची अट होती, लेख कोणालाही फुकट उघडता आला पाहिजे. त्याचा मागचा लेख तर पैसे भरल्याशिवाय त्याला स्वतःलाच उघडत नव्हता.

संपादकांनी संमती मागणारा मेल सरांना पाठवलाही होता. संध्याकाळी सरांच्या ईमेल पत्त्यावरून संपादकांना उत्तर गेलं. त्याची प्रत धम्मदीपलाही आली. "मान्य. तक्ता दोन तपासा."

धम्मदीपनं तक्ता पाहिला. बेरीज खरंच चुकली होती. त्यानं मेल घरी दाखवला.

"जित्ते होते तवा सरनं कधी तक्ता पाह्यला नाई," बायको ज्योत्स्ना म्हणाली, "आता काऊन पाह्यतीन? त्याइच्या बायकोनं केलं असन."

दुसऱ्या दिवशी तो राजुऱ्याला सरांच्या घरी गेला. सरांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, कपाटातून सरांचा मोबाईल काढून दाखवला. बंद पडलेला.

"मले यातलं काई येत नाई, भाऊ. पासवर्ड त्याइलेच ठाऊक. मले बी सांगतला नाई."

"मंग हे कोन लिहून राह्यलं, बाई?"

बाईंनी सरांच्या खुर्चीकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी टेबलावरचे कागद हलकेच फडफडले.

"हॅक केलं असन कोनं," धम्मदीप म्हणाला.

तेवढ्यात संपादकांचा मेल आला. लेख वाचकांना फुकट, छापायची फी मात्र लेखकाकडून. ती कोण भरणार हे पहिल्या लेखकाला विचारलं होतं, त्यांचं उत्तर खाली जोडलं आहे.

उत्तर होतं, "धम्मदीप भरेल."

बाईंनी डोळ्याला पदर लावला. "तेच हायेत, भाऊ! सोताच्या चाहाचे पैसे जिंदगीत देल्ले नाई त्याइनं."

धम्मदीपनं रिकाम्या खुर्चीला हात जोडले. "भरतो, सर," म्हणत तिथंच उभ्या उभ्या त्यानं मोबाईलवरून फी भरून टाकली.

लगेच दुसरा मेल आला. सरांच्याच पत्त्यावरून.

"पावती माझ्या नावानं घे."