सगुणा साळिंदर आणि निवलेली भजी

एका जंगलात, बाळांनो, अस्वलरावांचे हॉटेल होते. तिथे गाणे ऐकत जेवता येते, असे बोर्डावर लिहिले होते. प्रत्यक्षात गाणे चालू असताना जेवण मिळत नसे.

वाढायला सगुणा नावाची साळिंदर होती. ती फार लाजाळू. कुणी नुसते पाहिले, तरी तिचे काटे खुळखुळत. म्हणून अस्वलरावांनी तिला बजावले होते, "गाणं चालू असताना एक काटा जरी वाजला, तर उद्यापासून येऊ नकोस."

एका संध्याकाळी गवेबुवा गायला बसले. बुवांचे अंग अवाढव्य आणि आलाप त्याहून. सगुणा भज्यांची थाळी घेऊन दाराशी थांबली. आलाप संपेना. भजी निवू लागली.

शेवटी ससेभाऊंनी सगुणाला बोलावायला हात वर केला. बुवांना वाटले, दाद आली. त्यांनी तीच जागा पुन्हा घेतली. मग हरणाने हात वर केला. कोल्ह्याने तर दोन्ही केले. बुवांचे डोळे पाणावले.

"असे जाणकार हल्ली कुठे मिळतात," ते म्हणाले आणि त्यांनी आलाप पहिल्यापासून धरला.

"सगुणे," ससेभाऊ कुजबुजले, "भजी आण, नाहीतर मी हे केळीचं पानच खातो." आणि त्यांनी पानाचा कोपरा खाल्लासुद्धा.

सगुणाला नोकरी आठवली. मग तिने ते कुरतडलेले पान पाहिले आणि ती निघाली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. झाले. पावलागणिक काटे वाजू लागले.

अस्वलराव तावातावाने उठले. पण बुवांनी डोळे मिटूनच मान डोलावली. "ठेका सुरेख धरलाय हो कुणीतरी." तेवढ्यात त्यांना भज्यांचा वास आला. तान अर्धी सोडून त्यांनी दोन भजी तोंडात टाकली.

गाणे थांबले, तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. अस्वलरावांना वाटले, टाळ्या काट्यांना आहेत.

दुसऱ्या दिवशी नवा बोर्ड लागला : 'आज सगुणाताईंचे काटेवादन.' वाढायला आता कुणीच उरले नाही.

सगुणा स्टेजवर बसली. सगळे तिच्याकडे पाहत होते, त्यामुळे काटे आपोआप वाजत होते. थोड्या वेळाने ससेभाऊंनी हात वर केला.

तो हात कशासाठी वर जातो, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक होते? पण स्टेजवरून तो हात वेगळाच दिसला. सगुणा लाजली. आणि तिने पहिल्यापासून वाजवायला घेतले.

तात्पर्य : कलावंताला दाद हवी असेल, तर श्रोत्यांना उपाशी ठेवावे. जेवलेला श्रोता हात वर करत नाही. तो हात धुतो आणि घरी जातो.