उजवीकडे साखर

खिडकीची काच पुसून घ्यावी, असं नव्या सुनेच्या मनात आलं आणि तिथून सगळं सुरू झालं. लग्नाची नवलाई अजून उतरली नव्हती. घरात तिला कुणी कामं सांगत नसे, आणि कामं न सांगणाऱ्या घरात नव्या सुनेला भलतीच कामं सुचतात.

खिडकीत सहा बरण्या होत्या. प्रत्येकीवर आडवी पेन्सिल, पेन्सिलीला दोरा आणि दोऱ्याला धरलेले गुलाबी खडे. नवरा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. घरीदारी सगळे त्याला मास्तरच म्हणत (सासूबाईसुद्धा, पण फक्त रागावल्या की). आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी त्याला पहिल्यांदाच कार्यशाळा घ्यायला मिळाली होती. विषय, गोळ्या-मिठाईतून रसायनशास्त्र. पाक कसा घट्ट होतो, स्फटिक कसे धरतात, हे शिक्षकांनी स्वतःच्या हातांनी करून पाहायचं. शिक्षण खात्यातल्या मोठ्या साहेबांना हा शुद्ध पोरखेळ वाटत होता. पटलं तर दरवर्षी घेऊ, नाही तर पुन्हा नाव काढू नका, असं त्यांनी मास्तरांना तोंडावर सांगून ठेवलं होतं. मास्तरांना तेव्हापासून जेवण गोड लागत नव्हतं.

तीन बरण्यांत साखरेचे खडे, तीनमध्ये तुरटीचे. रंग मुद्दामच एक, कारण नुसत्या आकारावरून दोन्ही ओळखायचे, हा कार्यशाळेतला एक खेळ होता. तो आकारातला फरक मास्तरांनी बायकोला अर्धा तास समजावला. तिने अर्धा तास मान डोलावली. (ती खड्यांकडे बघतच नव्हती. समजावताना त्याच्या कपाळावर एक बट येई आणि तो ती फुंकरीने उडवी, ते बघत होती.) बरण्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. चिठ्ठी न लावलेल्या बाटलीसाठी मुलांना बाकावर उभं करणारा हा माणूस घरी मात्र म्हणाला, "उजवीकडे साखर, डावीकडे तुरटी. त्यात लिहायचं काय? आणि चाखून बघायचं नाही हं. प्रयोगाची वस्तू तोंडात घालायची नाही म्हणजे नाही."

काच पुसायला ती गॅलरीत गेली, बरण्या एकेक करून बाहेर घेतल्या आणि पुसून झाल्यावर तिथूनच परत मांडल्या. उजवीकडे साखर, डावीकडे तुरटी, अगदी घोकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बरण्या घेऊन गेले. उजवीकडच्या लाल पिशवीत, डावीकडच्या निळीत. ती रिकाम्या खिडकीशी चहा घेऊन उभी राहिली, काच किती लख्ख झालीय हे बघत. आणि एकदम ध्यानात आलं. काल ती खिडकीच्या पलीकडे उभी होती. गॅलरीतली उजवी बाजू ही खोलीतली डावी.

सासूबाईंना सांगायचं धाडस होईना. तिने डबा भरला (मास्तर डबा घेऊन गेलेले होते, हा दुसरा), शाळा गाठली. मास्तर प्रयोगशाळेत शेगड्यांशी झटत होते. पिशव्या शिक्षकांच्या खोलीत, टेबलाखाली. तिने लाल पिशवीतल्या बरण्या निळीत केल्या, निळीतल्या लाल पिशवीत केल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. आपण नवऱ्याची अब्रू वाचवली आणि कुणाला कळलंही नाही, या सुखाने तिला डोळे पुसावेसे वाटले.

उद्घाटन साहेबांच्या हस्ते, म्हणजे खरं तर मुखे होतं, साखरेचा खडा चाखून (मास्तरांचा न चाखण्याचा नियम तेवढ्यापुरता बाजूला). मास्तरांनी लाल पिशवीतला गुलाबी खडा बशीतून पुढे केला. त्यांचं सगळं लक्ष साहेबांच्या चेहऱ्याकडे. खड्याकडे बघतंय कोण. साहेबांनी तो तोंडात टाकला, खिशातून भाषणाचे कागद काढले, ते बरेच होते, आणि म्हणाले, "शिक्षक बंधू..."

भगिनींपर्यंत ते पोचलेच नाहीत. आधी गाल आत गेले, मग ओठ, आणि नाडी ओढल्यासारखा सगळा चेहरा मधोमध गोळा झाला. ते खाली बसले. भाषण टळलं हे ध्यानात येताच शिक्षकांनी असा टाळ्यांचा कडकडाट केला की शेगडीवरचा पाक हलला.

मास्तरांचा रंग उडाला. त्यांनी बशीतला दुसरा खडा उचलला, उजेडात धरला आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "ही तुरटी आहे. डोळ्यांनी ओळखायची होती. साहेबांनी जिभेने ओळखली."

मग पुढच्या बाकावरच्या एका पोक्त बाईंनी विचारलं, "पण सर, तोंड असं आक्रसतं कशाने?"

साहेबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "हो," ते म्हणाले, "कशाने?"

मास्तर फळ्याकडे वळले, बट कपाळावर आली, आणि मग त्यांना कुणी थांबवू शकलं नाही. संध्याकाळी साहेब निघाले तेव्हा त्यांच्या दोन्ही बाह्यांना पाक चिकटलेला होता. "पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "पण खडा आधी तुम्ही खायचा."

घरी आल्यावर तिने सासूबाईंजवळ सगळं ओकून टाकलं. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"अगं, बरण्या फिरल्यात हे मला पहाटेच कळलं. मीच जागेवर लावल्या."

"कसं कळलं, आई?"

"चाखून."

"पण ह्यांनी चाखायचं नाही म्हणून सांगितलं होतं."

सासूबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. "त्याचं ऐकलंस होय?" मग हळूच म्हणाल्या, "असो. हे आपल्या दोघींतच राहू दे."

राहिलं. सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कार्यशाळा दरवर्षी होते, बरण्या त्याच खिडकीत असतात. त्या वर्षापासून मास्तर बरण्या स्वतः धुतात, ती खिडकीसुद्धा स्वतः पुसतात, तिला हात लावू देत नाहीत. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, हे तिने शेजारच्या वहिनींना कितीदा तरी ऐकवलं आहे.

परवा तो काच पुसत होता. केस विरळ झालेत, पण सवयीने फुंकर मारतोच. तिला गहिवरून आलं. एवढ्या वर्षांत कधी कंटाळला कसा नाहीस, असं तिने विचारलं.

"आईला शब्द दिलाय," मास्तर म्हणाले. "पहिल्या कार्यशाळेच्या संध्याकाळीच म्हणाली होती, पोरगी गुणाची आहे, हिला कधी काही बोलू नकोस. फक्त ती खिडकी हिच्या हाती देऊ नकोस."