खराब रस्त्याचा दाखला

निरीक्षकांच्या घरासमोरचा रस्ता चांगला होता. ही गोष्ट सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेली बरी, कारण पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तेच आहे.

चांगला म्हणजे नुसता म्हणायला चांगला नव्हे. एका टोकाला निरीक्षकांचं घर, दुसऱ्या टोकाला त्यांच्या आईच्या मैत्रिणीचं घर आणि मध्ये चारशे दहा मीटर गुळगुळीत डांबर. हा आकडा अंदाजे नाही. निरीक्षक वजनमापे खात्यात होते, दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती आणि ‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे. सहा वर्षांपूर्वी याच रस्त्यावर एकोणीस खड्डे होते. निरीक्षकांनी प्रत्येकाची लांबी, रुंदी, खोली मोजून रस्ते कार्यालयाला कळवली. कार्यालयाने दाद दिली नाही. मग त्यांनी दर पंधरा दिवसांनी खड्डे पुन्हा मोजून वाढलेली खोली कळवायला सुरुवात केली. चार वर्षांनी कार्यालय टेकीस आलं आणि रस्ता झाला. तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला त्यांची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई काठी टेकत मैत्रिणीकडे जायची, तासभर पत्ते खेळायची आणि जिंकून परत यायची. खिडकीतून तिला जाताना बघून निरीक्षकांना फार बरं वाटायचं. हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण वाटायचं खरं.

अशा या रस्त्यावर राहणाऱ्या कुटुंबाने डोंगरदऱ्यांतून चालणारी गाडी कर्ज काढून घ्यावी किंवा कसे, हा प्रश्न एका रविवारी उपस्थित झाला.

प्रश्न साडूंनी उपस्थित केला, म्हणजे त्यांनी ती घेतली. गाडी दाराशी उभी राहिली तेव्हा बैठकीच्या खोलीतला उजेड कमी झाला. निरीक्षकांच्या बायकोला दोघांनी हात देऊन वर चढवलं, एक फेरी मारून आणलं आणि परत उतरवलं. वर गेलेली बाई आणि खाली आलेली बाई यांत बराच फरक पडला होता.

"अहो, ताईकडची गाडी कमरेएवढ्या पाण्यातून जाते म्हणे," रात्रीच्या जेवणाआधीच ती म्हणाली.

"साडूंच्या घराजवळ पाणी कुठे आहे?"

"नाहीये. पण असतं तर गेली असती ना!"

निरीक्षकांची स्वतःची छोटी गाडी अकरा वर्षं विनातक्रार चालत होती. तिच्यात आई सहज बसायची, सहज उतरायची. पण विनातक्रार चालणाऱ्या गाडीबद्दल चारचौघांत बोलण्यासारखं काही नसतं, ही अडचण होतीच.

निरीक्षकांनी प्रश्न रीतसर हाताळला. महिनाभर कुटुंबातलं कोण कुठे जातं याचा तक्ता केला. कॉलेज, कचेरी, दवाखाना, बाजार. एकूण प्रवास सहाशे चौतीस किलोमीटर. त्यातला रस्ता सोडून झालेला प्रवास सहा मीटर, आणि तोही भाजीच्या दुकानापुढे गाडी लावताना.

"बाबा, म्हणजे सहा मीटरसाठी आपण गाडी घेणार?" मुलीने विचारलं. ती कॉलेजात शिकत होती आणि घरात सरळ प्रश्न विचारण्याचं काम तिच्याकडे होतं.

"घेणार नाही. तक्ता तेच सांगतो."

"तुमचं अगदी बरोबर आहे," बायको म्हणाली, आणि ते अशा काही आवाजात म्हणाली की दुसऱ्या दिवशी निरीक्षक कचेरीतून परस्पर शोरूमला गेले. नुसतं बघायला.

शोरूममधल्या विक्रेत्याने त्यांना काही पटवलं नाही. त्याने फक्त दार उघडलं आणि त्यांना चालकाच्या जागेवर बसवलं. सव्वीस वर्षं निरीक्षक खाली वाकून तराजूचा काटा बघत आले होते. आता प्रथमच त्यांना वरून जग दिसलं. शोरूममधल्या साहेबांपासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांची टकलं दिसली. घरी येताना त्यांच्या हातात माहितीपत्रक होतं. त्यावर एक कुटुंब डोंगराच्या कड्यावर गाडी उभी करून खो खो हसत होतं. त्या कुटुंबात आजी नव्हती, हे फक्त मुलीच्या लक्षात आलं.

बँकेतल्या कर्ज अधिकारी बाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि अर्ज पुढे सरकवला.

"कौटुंबिक योजनेत कर्ज मिळेल. पण गरज सिद्ध करावी लागेल."

"कसली गरज?"

"खराब रस्त्याची. घरापर्यंतचा रस्ता खराब आहे असा रस्ते कार्यालयाचा दाखला जोडा. चांगल्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला असली गाडी कशाला, असं आमचं मुख्यालय विचारतं."

"रास्त आहे," निरीक्षक म्हणाले. "मग खरोखर खराब रस्त्यावर राहणारे लोक घेत असतील."

"ते येतच नाहीत. आमचं माहितीपत्रक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. रस्ता खराब आहे ना."

खरं तर निरीक्षकांनी इथूनच घरी परतायला हवं होतं. पण टकलं डोळ्यांपुढून हलत नव्हती.

रस्ते कार्यालयातल्या कारकुनाने त्यांना दारात पाहिलं आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. चार वर्षं या माणसाची पत्रं त्यानेच उघडली होती.

"साहेब, आता काय राहिलं? रस्ता तर झाला!"

"तो खराब आहे असा दाखला हवाय."

कारकुनाने कपाटातून एक जाडजूड फाइल काढली, तिच्यावरची धूळ निरीक्षकांच्या दिशेने झटकली आणि शेवटचं पान वाचून दाखवलं. "‘रस्ता समपातळीत असून कोठेही दोन मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार आढळला नाही. मी पूर्ण समाधानी आहे.’ ही सही आपलीच ना?"

"सही माझी आहे. मोजमापही माझंच आहे."

"मग आधी समाधान मागे घ्यावं लागेल. नमुना नऊ भरा."

नमुना नऊमध्ये एकच अवघड प्रश्न होता: समाधान संपुष्टात येण्याचे कारण. निरीक्षकांनी पेन दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं. खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘कौटुंबिक’. कारकुनाने शिक्का मारला आणि त्या क्षणापासून तो रस्ता कार्यालयाच्या नोंदवहीत खराब झाला.

अडचण पुढेच आली. दाखल्यापूर्वी स्थळपाहणी आवश्यक होती. कारकून आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, आणि त्याचा चेहरा पडला.

"साहेब, रस्ता वहीत खराब आहे आणि जागेवर चांगला आहे. हे तपासणीत सापडलं तर माझी नोकरी जाईल. दोन्हींपैकी एक दुरुस्त करावं लागेल."

"वही दुरुस्त करा."

"वहीतल्या दुरुस्तीला तीन वर्षं लागतात. रस्ता दोन दिवसांत होतो."

मंगळवारी सकाळी सात वाजता खोदायचं यंत्र आलं. नियम असा होता की दर शंभर मीटरला पाच खड्डे असल्यास रस्ता खराब समजावा, आणि खड्डा म्हणजे किमान पंधरा सेंटीमीटर खोल. यंत्रावरचा माणूस मनाला येईल तसा खोदू लागला. हे निरीक्षकांना बघवेना. त्यांनी घरातून फीत आणली.

"हा चौदाच झालाय. अजून एक सेंटीमीटर घ्या."

"साहेब, खड्ड्यात कोण मोजतंय?"

"मी मोजतोय. आणि एकूण किती काढणार आहात?"

"वीसेक."

"चारशे दहा मीटरला साडेवीस होतात."

यंत्रावरच्या माणसाने आयुष्यात प्रथमच अर्धा खड्डा काढला. तो कुणाच्या दारात असावा यावर वाद होऊ नये म्हणून निरीक्षकांनी तो स्वतःच्या फाटकासमोर घेतला आणि साडेसात सेंटीमीटर भरल्याची खात्री करून घेतली. सगळं काटेकोर चाललंय म्हणून त्यांना क्षणभर अभिमानही वाटला. तेवढ्यात साडेसात वाजले आणि आई काठी घेऊन बाहेर आली.

ती फाटकाशी थांबली. काठीचं टोक तिने अर्ध्या खड्ड्यात घालून पाहिलं.

"अरे, पाइप फुटला का?"

"नाही आई. काम चालू आहे."

"किती दिवस चालेल?"

"बघू."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने निरीक्षकांनी खिडकीतून आत पाहिलं तर ती टेबलावर पत्ते मांडून एकटीच दोन्ही बाजूंनी खेळत होती. त्यांना वाईट वाटलं. पण नमुना नऊवर सही झाली होती.

कर्ज मंजूर झालं. आता गाडीचा विमा तेवढा राहिला. विमा कंपनीने कळवलं की गाडी कौटुंबिक वापराची असल्याने ती चांगल्या रस्त्यावरच चालवली जाईल असा दाखला जोडावा. खराब रस्त्यावर झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही. निरीक्षक पुन्हा कारकुनाकडे गेले. या खेपेला त्याला काही अवघड वाटलं नाही. त्याने फाइलमधून जुनं समाधानपत्र काढलं, त्याची नक्कल केली, शिक्का मारला.

"खराबचा दाखला निळा, चांगल्याचा गुलाबी," त्याने समजावलं. "फक्त दोन्ही एकाच खिडकीवर दाखवू नका."

गाडी आली. बायकोने ताईला फोन केला आणि पाऊण तास दुसऱ्याच विषयांवर बोलून अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखं, गाडीचं सांगितलं. निरीक्षक वर बसून टकलं बघत कचेरीत जाऊ लागले. नवव्या दिवशी आई म्हणाली, "मला पत्ते खेळायचेत रे. एकटीने खेळलं की मीच हरते."

गाडीची पायरी जमिनीपासून एकसष्ट सेंटीमीटरवर होती. म्हणून स्वयंपाकघरातलं स्टूल बाहेर आलं. निरीक्षकांनी वरून हात धरला, बायकोने मागून आधार दिला, मुलीने काठी सांभाळली, आणि आई वर पोचली. उतरताना स्टूल लागणार म्हणून ते घेऊन मुलगीही आत बसली. ती बसली म्हणून बायकोही बसली. साडेवीस खड्डे पार करून गाडी चारशे दहा मीटर गेली. वेळ लागला चढण्याउतरण्यासकट एकोणीस मिनिटं. पायी अकरा लागत.

"अगबाई, इथून सगळ्यांच्या गच्च्या दिसतात की!" आई खूश झाली. "आणि त्या कोपऱ्यावरच्या वकिलाने गच्चीत काय पसारा केलाय बघ!"

सगळे हसले. माहितीपत्रकातल्यासारखे, खो खो.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "आजी आधी चालत जायची."

"हो, पण तेव्हा आपण चौघं मिळून कुठे जात होतो?" निरीक्षकांनी विचारलं. हे बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते पटलं.

रस्त्यावरच्या इतरांनी खड्ड्यांबद्दल आधी आरडाओरडा केला होता. पण या रस्त्याचा निळा दाखला आता कुणालाही मिळतो हे कळल्यावर आवाज खाली आला आणि रांग लागली. कोपऱ्यावरच्या वकिलाने घेतली, दातांच्या डॉक्टरने घेतली. तीन महिन्यांत त्या गल्लीत अकरा उंच गाड्या उभ्या राहिल्या. सगळ्यांनाच वरून बघता येऊ लागल्याने टकलं दिसेनाशी झाली आणि निरीक्षकांची निम्मी मजा गेली. उरलेली निम्मी आईने घालवली. एका सकाळी स्टुलावर चढता चढता ती थांबली.

"आता पाय पहिल्यासारखे उचलत नाहीत रे. चालणं सुटलं ना. रस्ता कधी होणार ते विचार की तुझ्या त्या कारकुनाला."

त्याच दिवशी निरीक्षकांनी फीत घेऊन सगळे खड्डे पुन्हा मोजले आणि रस्ते कार्यालयाला पत्र लिहिलं. पूर्वी चार वर्षं उत्तर आलं नव्हतं. या खेपेला आठव्या दिवशी आलं. ‘सदर रस्त्यावरील अकरा कुटुंबांकडे खराब रस्त्यासाठीची वाहने असल्याने रस्त्याच्या स्थितीमुळे कोणाचीही गैरसोय होत नाही. उलटपक्षी, रस्ता दुरुस्त केल्यास सदर वाहनांची गरज संपून रहिवाशांची कर्जे नियमबाह्य ठरतील. सबब, रहिवाशांच्या हितार्थ रस्ता आहे त्या स्थितीत जतन करण्याचे ठरले आहे. अर्धा खड्डा नियमात बसत नसल्याने तो पूर्ण करून देण्यात येईल.’

निरीक्षकांनी पत्र आईला वाचून दाखवलं.

"म्हणजे मी आता चालायचं नाही तर," ती म्हणाली. रागावली नाही. काठी कोपऱ्यात उभी केली आणि स्टुलाकडे गेली.

निरीक्षकांवर हसायला हरकत नाही. मीही हसलो. पण परवा तुमच्या गल्लीत एक उंच, चकचकीत गाडी शिरली तेव्हा तुम्ही हातातलं काम टाकून गॅलरीत आलात, ती पाण्यातून जाते का ते विचारलंत आणि घरात येऊन सहज म्हणालात की आपलीही आता जुनी झाली. फाटकाशी काठी घेऊन कोण उभं होतं, तिकडे तुमचं लक्ष गेलं नाही. कारकुनाने मात्र तुमचं नाव लिहून ठेवलं आहे. नमुना नऊ कधीही न्या. कारणाच्या जागी काय लिहायचं याचा विचार करत बसावं लागणार नाही; मागणी एवढी वाढली आहे की ‘कौटुंबिक’ असं आता छापूनच येतं.