करडीच्या तेलाचा ब्रेक

मोटारीचा ब्रेक लागत नाही याचा राग नाथाजीला मोटारीवर कधीच आला नाही. तो कायम माणसांवर यायचा. कोरेगाव ते सातारा रस्त्यावर त्याची उतारू नेणारी एकुलती एक सर्व्हिस मोटार होती. लढाई संपून घरी आल्यावर घेतलेली, आणि त्याच्या आधी दोन मालकांनी पार पिदडून काढलेली. लष्करात पाच वर्षे ट्रक हाकून त्याचा आवाज असा झाला होता, की त्याने जेवताना मीठ मागितले तरी शेजारी काय झाले म्हणून बाहेर येत.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी साताऱ्यात मोटारींची तपासणी होती. तपासणीचे साहेब रस्त्यावर चुन्याची रेघ मारायचे. वेगात आलेली गाडी त्या रेघेच्या आत थांबली तर परमिट, नाहीतर घरी. नाथाजीची लाइन मिळावी म्हणून रहिमतपूरचा एक मोटारवाला टपूनच बसला होता. नाथाजीच्या मोटारीचे पुढचे ब्रेक नावापुरते होते. ती थांबायची मागच्या दोन चाकांच्या जिवावर, आणि मागची चाके आता जुमानेनाशी झाली होती.

म्हणून त्याने बिराप्पा मिस्त्रीला कामाला लावले. बिराप्पा कवठे महांकाळकडचा, कामात सावकाश आणि बोलण्यात त्याहून सावकाश. त्याने मागचे ड्रम उतरवले. आसाचे ग्रीस आत गळून ब्रेक गुळगुळीत झाले होते. त्याने गळती बंद केली, ड्रम घासून पुसून कोरडे केले आणि आतल्या कमानीसारख्या लोखंडी शूंवर तांब्याचे रिव्हेट मारून नवे, खरखरीत लायनिंग बसवले. हेच लायनिंग ड्रमला घासते तेव्हा चाक थांबते.

"मालक, ह्याला तेलाचं बोट बी लागाय नगं," तो म्हणाला.

नाथाजी भडकला. इराकच्या वाळूत आपण किती ब्रेक उघडले आणि किती मिटवले याचा त्याने पाढा वाचला. ज्याला हे सांगावे लागते तो मोटारवालाच नव्हे, असेही वर सुनावले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी हत्यार धुऊन पुजायचे, कामाला लावायचे नाही. नाथाजीने पान्हे, हातोडे, जॅक, ड्रम आणि चारही शू फळीवर लष्करी शिस्तीत ओळीने मांडले आणि बायकोला, साळूबाईला, हाक मारली. गेल्या वर्षी तिच्याकडून जॅक पुजायचा राहिला होता, आणि महिन्याच्या आत तो जॅक निसटून नाथाजीच्या अंगठ्यावर बसला होता. तो अंगठा नाथाजी वर्षभर विसरला नव्हता आणि साळूबाईलाही त्याने विसरू दिला नव्हता.

"यंदा मोटारीचं एक बी लोखंड तेलाबिगार ऱ्हायलं, तर माझ्याशी गाठ हाय," तो म्हणाला आणि नव्या वहाणा आणायला निघून गेला.

इकडे बिराप्पा घरच्या बिरोबाचा दसरा करायला रेल्वेने गावी गेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो आणि ड्रम चढवतो, असे सांगून गेला होता. ऐन कामात माणसाला देव आठवतोच कसा, यावर नाथाजी रात्रीपर्यंत बोलत राहिला आणि दसऱ्याच्या सकाळी चिडून स्वतःच शू आणि ड्रम चढवायला चाकाखाली शिरला. फळीवरचे लोखंड छान चमकत होते. ते त्याला आवडलेही. पण बिराप्पाला शिव्या देण्यात तो इतका गुंतला होता, की हाताला काय लागते आहे याकडे त्याचे लक्षच नव्हते.

मोटारीला हार घालून त्याने ती बाजारातून काढली. देवळापाशी सुलाबाई झेंडूचा ढीग घालून बसली होती. नाथाजीने ब्रेक दाबला. पाय जरा घसरला, म्हणून त्याने पुन्हा दाबला. मोटार थांबली नाही. ती त्याच संथ चालीने झेंडूच्या ढिगातून पार झाली आणि पलीकडच्या कडब्याच्या गंजीत शिरून गप्प झाली. सुलाबाई वेळेवर उठली होती म्हणून बरे. उठल्यावर ती जे बोलली ते ऐकायला मात्र निम्मा बाजार गोळा झाला.

नाथाजीने आधी वहाणा शिवणाऱ्याचा उद्धार केला, कारण नव्या वहाणेतून पाय घसरला होता. मग बिराप्पाचा. संध्याकाळी सोने वाटायला आलेल्या प्रत्येकाला त्याने सांगितले, की मिस्त्री रहिमतपूरवाल्याला फितूर झाला.

दुसऱ्या दिवशी बिराप्पा ठरल्याप्रमाणे आला. कपाळावर अजून भंडारा होता. गावात काय बोलले जाते ते त्याला स्टेशनवरच कळले होते. त्याने सरळ चाक उचलले. नाथाजीचे तोंड सुरूच होते. बिराप्पाने ड्रम काढला, लायनिंगवरून बोट फिरवले, हुंगले आणि तेच बोट नाथाजीच्या नाकापुढे धरले.

"करडीचं हाय," तो म्हणाला.

"मोटारीत करडीचं तेल कुठनं येतंय रं?"

"मोटारीत येत न्हाई, मालक. घरात असतंय." मग त्याने वाकून रिव्हेटच्या भोकात पाहिले. "कुक्कू बी हाय."

नाथाजी घराकडे वळला आणि त्याने जी हाक मारली, ती स्टेशनपर्यंत गेली असेल. साळूबाई पदराला हात पुसत बाहेर आली. कुणी लावले, हे त्याने विचारताच तिने मीच लावले म्हणून सांगितले. लायनिंग फार कोरडे दिसले म्हणून त्याला दोनदा चोळले आणि ड्रमलाही आतून हात फिरवला, हेही सांगितले.

"ब्रेकला तेल लावत्यात व्हय?" नाथाजी म्हणाला.

"मला काय ठावं? तुमीच म्हनलासा, एक बी लोखंड सोडायचं न्हाई."

"मिस्त्रीनं बजावलं व्हतं."

"तुमास्नी बजावलं. तुमी मला कवा सांगितलं?" साळूबाई म्हणाली. "आवं, वरडलासा लय. सांगितलं न्हाई कायबी."

बिराप्पा खाली बघून पान्हा पुसू लागला. नाथाजीला प्रचंड राग आला होता आणि तो काढायला माणूस उरला नव्हता. शेवटी तो अंगणातल्या कोंबडीवर ओरडला.

पेट्रोल कुपनावर मोजून मिळत होते, त्यामुळे ते शू धुण्यात घालवायचा प्रश्नच नव्हता. बिराप्पाने चुलीच्या निखाऱ्यावर शू शेकत ठेवले. तेल घामासारखे वर येई, ते तो पुसून घेई आणि लायनिंग विटेने घासून पुन्हा शेकायला ठेवी. दिवस मावळेपर्यंत हेच चालले होते. साळूबाई फुंकणीने निखारे फुलवत होती. नाथाजी उंबऱ्यावर बसून होता, आणि त्या घरात इतकी शांतता पहिल्यांदाच होती.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात साहेबांनी रेघ मारली. रहिमतपूरवाला झाडाखाली उभा राहून बघत होता. नाथाजीने मोटार वेगात आणली आणि ब्रेकवर पाय मारला. पाय घसरला. त्याने मनातल्या मनात वहाणवाल्याला शिवी घातली आणि पुन्हा दाबला. मागची चाके किंचाळली आणि मोटार रेघेच्या वीतभर आत थांबली. खालून खमंग वास सुटला. साहेबांनी नाक वर करून इथे भजी कोण तळते आहे म्हणून विचारले. नाथाजी सरळ समोर बघत राहिला. ब्रेक कुणी केले, असे विचारल्यावर त्याने बिराप्पाचे नाव मात्र मोठ्याने सांगितले.

परमिट खिशात आले. परतताना नाथाजीने टोपीखालून दसऱ्याचे एक वाळलेले आपट्याचे पान काढले आणि बिराप्पाच्या हातात कोंबले. माफी मागायची म्हणजे त्याला तेवढेच येत होते. बिराप्पाने ते पान कपाळाला लावून खिशात ठेवले.

घरी आल्यावर नाथाजी साळूबाईजवळ बसला आणि त्याने हळू आवाजात, जन्मात पहिल्यांदा, तिला ब्रेक समजावून सांगितला. ड्रम म्हणजे काय, लायनिंग कशाला, तेल का नको. साळूबाईने भाकरी थापत सगळे नीट ऐकून घेतले.

"आस्सं व्हय," ती म्हणाली. "मग मोटारीत पायाखाली तीन लोखंडं हायती न्हवं, त्यास्नी बी मी लावलंय. त्ये चालतंय न्हवं?"

नाथाजीने ओरडायला तोंड उघडले. मग त्याची नजर दाराशी उलट्या पडलेल्या नव्या वहाणांवर गेली. त्यांचे तळ तेलाने तुकतुकीत झाले होते. त्याने तोंड मिटले आणि तिच्याकडे हात धुवायला पाणी मागितले.